कुंकू न लागलेला बोर्ड

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळत आलो, आणि टाळायची माझी रीत अशी की मी ती पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. लग्नाच्या पंगतीत, निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत, कोणाच्या तेरवीला मांडवात बसल्या बसल्यासुद्धा. आमच्या शाळेत उद्घाटनाच्या दिवशी मशीन कसं सुरूच झालं नाही, आणि मॅडमनी पूजा अडवली म्हणून ते कसं रुसलं, हे मी हातवारे करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. त्या गोष्टीत सगळे होते, एक मी सोडून. आता स्वतःला त्यात बसवतो.

लाखनीहून महामार्ग सोडून आत गेलं की थोड्या अंतरावर आमची शाळा. धानाच्या बांध्या संपतात तिथे कुंपण सुरू होतं. मी तिथला विज्ञानाचा शिक्षक. म्हणजे खरं तर प्रयोगशाळेच्या किल्लीचा मालक. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, मुख्याध्यापकांची जागा रिकामी होती आणि तिचा प्रभार माझ्याकडे होता. प्रभारी माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो. मी मात्र पहिल्या दिवसापासून टेकून बसलो.

त्या सुमारास वरून एक योजना आली. मुलांनी स्वतःच्या हातानं इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे प्रकल्प करावेत, त्यासाठी शाळेनं किट आणि मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यावेत, असा तिचा मजकूर होता. आम्ही तो नीट वाचला आणि उद्घाटन कधी ठेवायचं यावर चर्चा सुरू केली.

हे बोर्ड म्हणजे दिवे, मोटारी हुकमानं चालवणारी चिप बसवलेली छोटी पट्टी, हे शाळेत एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. त्या आमच्या शिक्षण सेविका. शिक्षण सेवकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, मग कायम होता येतं, आणि मॅडमचं ते तिसरं वर्ष होतं. लाखनीत आईसोबत राहायच्या. घर बौद्ध. ही गोष्ट स्टाफरूममध्ये कोणी बोलत नसे आणि कोणी विसरतही नसे. सरस्वतीपूजनाला त्या मागच्या रांगेत शांत उभ्या राहायच्या, आणि आमच्यातले निम्मे लोक सरस्वतीकडे पाहायचं सोडून त्या हात जोडतात की नाही ते पाहायचे.

मी त्यांना म्हटलं, काय काय लागेल ते लिहून द्या. त्यांनी दिलं. एकाच जातीचे दहा लहान बोर्ड, ज्यातली चिप खाचेत बसवलेली असते म्हणजे बिघडली तर तेवढीच बदलता येते. सोल्डरचा डाग न देता तारा नुसत्या खोचता येतील असे ब्रेडबोर्ड. तारा, छोटे दिवे, रेझिस्टर. एक साधा मल्टिमीटर. आणि शेवटी, "जास्तीचे दोन बोर्ड, जळतील त्यासाठी."

"मॅडम, जळतील म्हणजे?"

"सर, नवीन शिकणारी मुलं. एखादा जळणारच ना."

"म्हणजे वर लिहून पाठवायचं, की आम्ही जाळायसाठीसुद्धा मागवून राहिलो?"

त्या हसल्या. "सर, पहिली भाकर करपतेच की नाही?"

"भाकरीची नोंद साठा रजिस्टरला नसते मॅडम."

हे उत्तर मला फार आवडलं. दिवसभर मी ते आणखी कोणाकोणाला ऐकवलं. जास्तीचे दोन बोर्ड मी लाल शाईनं खोडले.

मग निवड. खरेदीसाठी तीन कोटेशनं लागतात असा नियम. नागपूरच्या एका दुकानदारानं आमचे कष्ट वाचवले आणि तिन्ही स्वतःच पाठवली, तीन वेगळ्या नावांची आणि तीन रंगांच्या कागदांवर. त्यामुळे स्पर्धा चुरशीची झाली, निळ्या, हिरव्या आणि गुलाबी कागदांत. सोबत त्यानं नमुने पाठवले होते. एका पाकिटात मॅडमनी सांगितला तसला लहान बोर्ड, हाताच्या तळव्यात मावेल एवढा. आणि एक काळी पेटी, सुटकेससारखी, आत मऊ फोम, फोममध्ये चाकं, यंत्राचा हात, डोळे लुकलुकणारं डोकं, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत १०१ प्रयोग.

संस्थेचे अध्यक्ष निवडीला जातीनं बसले. संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली. जिल्हा फुटला तेव्हा संस्थेच्या काही शाळा पलीकडे गोंदियात गेल्या, आणि तेव्हापासून त्यांना वाटायचं की सरकारनं त्यांच्या घरचीच वाटणी केली. त्यांनी आधी लहान बोर्ड उचलला, हातावर झुलवला.

"हे तं हलकं हाय."

"साहेब, ते हलकंच असतं," मॅडम म्हणाल्या.

"याच्यात लाइट किती लागतात?"

"आपण लावू तेवढे."

"म्हणजे एकही नाही." त्यांनी बोर्ड ठेवला आणि पेटी उचलली. ती जड होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आन् ह्याच्यात आवाज निघते का?"

"निघते साहेब," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

मॅडमनी प्रयत्न सोडला नाही. "साहेब, नवख्यांसाठी पेटी बरोबर नाही. सगळं आधीच जोडून, बंद करून दिलं आहे. आत काय चाललंय ते मुलांना दिसतच नाही. शिवाय पेटीत बोर्ड एकच. वर्गात साठ मुलं. एक जोडेल, बाकीचे नुसते बघतील."

"बघू द्या न! बघूनच शिकतात पोट्टे. मी काय टीव्ही बनवून टीव्ही पायले शिकलो का?"

सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. "तुमी बोला मास्तर. तुमी विज्ञानवाले."

मॅडमची मागणी मी दोनदा वाचली होती. बोर्डाबद्दल मला काही कळत नसलं तरी दहा मुलांच्या हातात दहा वस्तू असणं आणि साठांसमोर एक पेटी असणं यातला फरक कळायला विज्ञान लागत नाही. मी म्हटलं, "साहेबांचं बरोबर आहे. लहान वस्तू फोटोत दिसत नाहीत. आणि पेटी एकच असली की शिस्त राहते."

"सर, पेटी घ्या, पण सोबत दोन लहान बोर्ड तरी," मॅडम म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी बघू."

गुलाबी कागद जिंकला. पेटी आली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात, माझ्या किल्लीखाली गेली. मॅडम रोज विचारायच्या, "सर, एकदा लावून बघू द्या. आयत्या वेळी अडचण नको." मी म्हणायचो, "उद्घाटनाच्या आधी उद्घाटन नको. पाहुण्यांच्या हातूनच पहिल्यांदा सुरू होऊ द्या." हे मला फार सात्त्विक वाटायचं.

आता माझं काम सांगतो.

उद्घाटनात पेटीची माहिती मला सांगायची होती, आणि पेटीतल्या कोणत्या वस्तूची पुढची बाजू कोणती हे मला ठाऊक नव्हतं. मॅडम त्याच वेळी शेजारच्या वर्गात नववीला शिकवत होत्या. दाराशी जाऊन हाक मारली असती तर त्यांनी आनंदानं समजावलं असतं. पण प्रभारी मुख्याध्यापकानं शिक्षण सेविकेला विचारायचं कसं? म्हणून आदल्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि पेटी उघडली.

फोममधून बोर्ड काढला. बाजूला बारीक पितळी पिना होत्या, एकीशेजारी पाचचा आकडा लिहिलेला. प्रयोगशाळेत बॅटरी एलिमिनेटर होता. भिंतीतल्या विजेतून बॅटरीइतका बारीक पुरवठा देणारा तो डबा, वर बटण, बटणाभोवती दोनपासून बारापर्यंत आकडे. त्या डब्यावर मी आयुष्यभर बल्ब पेटवून दाखवले. बल्ब मंद वाटला की बटण पुढे फिरवायचं, एवढंच मला येत होतं आणि एवढ्यावर माझी नोकरी निघाली होती. मी दोन चिमटे बोर्डाला लावले. कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा उजळला. मला इतका आनंद झाला की मी एकटाच "वा!" म्हणालो.

मग मला तो दिवा मंद वाटला.

मी बटण फिरवलं. शेवटपर्यंत, पाच ओलांडून बारावर. दिवा लख्ख झाला, त्याहून लख्ख झाला आणि विझला. काळ्या चिपेतून उदबत्तीसारखी धुराची एक रेघ वर गेली. वास मात्र उदबत्तीचा नव्हता.

शिपाई दारातून डोकावला. "सर, काही करपून राहिलं का जी?"

"डबा गरम करून राहिलो होतो."

"कायचा डबा? वास तं वायरीचा येऊन राहिला."

"तू खिडक्या उघड आधी."

त्यानं खिडक्या उघडल्या आणि निघून गेला. त्यानं काही मागितलं नव्हतं, तरी गावच्या मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, त्याला सुटी पाहिजे का असं मी दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं. मंडई अजून लांब होती.

बोर्ड मी होता तसा फोममध्ये ठेवला. माणूस रात्रभर झोपला की ताप उतरतो, तसं काही होईल, अशी मला मनापासून आशा वाटली. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मी, भौतिकशास्त्र घेऊन.

उद्घाटनाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक साहेब आले होते. मांडव, टेबल, टेबलावर मखमल, मखमलीवर पेटी. मी किल्ली लावली आणि पेटी मॅडमच्या हवाली केली, जोडायला. त्यांनी बोर्ड बाहेर काढला. हातात घेताना त्या क्षणभर थांबल्या, एवढं मला आठवतं. मग त्यांनी भराभर तारा जोडल्या, कारण अध्यक्ष पूजेचं ताट घेऊन टेबलाशी आलेच होते.

अध्यक्षांनी अंगठा पाण्यात बुडवला, कुंकवात बुडवला, आणि तो ओला लाल अंगठा बोर्डाच्या दिशेनं निघाला. दुसऱ्या हातात फोडायच्या तयारीत नारळ.

"साहेब, बोर्डावर ओलं कुंकू नको," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "शॉर्ट होईल. नारळाचं पाणीही नको. पेटीच्या झाकणावर करा ना पूजा."

अंगठा हवेत थांबला. माइक चालू होता, त्यामुळे हळू बोललेलं सगळ्या मांडवानं ऐकलं.

"झाकणाले?"

"हो साहेब. झाकणाला."

अध्यक्षांनी झाकणावर बोट टेकवलं, सोनेरी एकशे एकच्या बरोबर मधल्या शून्यावर. नारळ बाहेर पायरीवर फुटला. पाहुण्यांनी कळ दाबली.

काही झालं नाही. पुन्हा दाबली. लुकलुकणाऱ्या डोक्याचे डोळे मिटलेलेच होते. मॅडमनी तारा चाचपल्या, एक काढून पुन्हा लावली.

"आतमंदी पूजा नाही लागली न, म्हणून," अध्यक्ष म्हणाले. ते गमतीनं म्हणाले असावेत. पण मागून एक आवाज आला, "त्यायच्यात चालत नाही न ते!" आणि मांडव हसला. कोणाच्यात काय चालत नाही हे समजावून सांगायची गरज नव्हती.

मॅडमनी बोर्ड नाकाजवळ नेला. मग मान वर करून त्यांनी टेबलाभोवतीच्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. माझी पाळी आली तेव्हा मी हारातली फुलं पाहत होतो. झेंडू होता.

पाहुणे भले गृहस्थ होते. "होतं असं कधी कधी," म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. बोर्डाचाच प्रश्न असता तर तिथेच मिटला असता. पण अध्यक्षांना कारण पाहिजे होतं. संध्याकाळी त्यांनी मला बसवून घेतलं.

"काय झालं असन मास्तर?"

हा तो क्षण होता. कोणी दार अडवलं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती, पेन्शन अडणार नव्हती. फार तर मांडव एकदा माझ्यावर हसला असता.

"तपासावं लागेल," मी म्हटलं.

"तपासाचं काय त्याच्यात? मॅडमनं जोडलं, मॅडमनंच अडवलं. आपण पूजेचा आग्रह केला असता तं राग आला असता तिले. काहून, बरोबर का नाही?"

मी म्हटलं, "हं."

आयुष्यात मी पुष्कळ बोललो. पंधरा ऑगस्टला, निरोप समारंभात, पालकसभेत तासन्‌तास. त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. जे बिघडवलं ते या एका हुंकारानं.

मॅडमनी सांगितलेलं तांत्रिक कारण गावात पोचेपर्यंत धार्मिक झालं होतं. पालक विचारायचे, "त्या मॅडमनं पूजा करू नाही देली म्हणतात, खरं का जी?" मी मान अशी हलवायचो की तिचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. मॅडम शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना स्वतःच्या तारा आणून दिवे जोडायला शिकवायच्या. हळूहळू त्या मुली येईनाशा झाल्या. घरून पाठवत नाहीत, म्हणाल्या.

तीन वर्षं पुरी झाली. अध्यक्ष स्वतःच्या हिशोबानं दुष्ट नव्हते. त्यांनी मॅडमना कायम केलं, पण आमच्याकडे नव्हे. संस्थेची एक शाळा तुमसर तालुक्यात बपेऱ्याच्या बाजूला, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ होती. आमच्या जिल्ह्यात त्याहून लांबची शाळा संस्थेकडे उरली नव्हती. त्या बदलीसाठी माझा अभिप्राय लागला. मी बराच वेळ घेऊन शब्द निवडले. "विषयात हुशार, समारंभप्रसंगी सहकार्याची वृत्ती कमी." बोर्ड निवडताना एवढा विचार केला असता तर बरं झालं असतं.

जाताना त्या केबिनमध्ये आल्या. मला वाटलं रडतील किंवा भांडतील. मी दोन्हीची उत्तरं तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, "सर, पेटीतलं बाकीचं सामान चांगलं आहे. फक्त बोर्ड बदलून घ्या. मुलं वापरतील." मी बोर्ड बदलला नाही. बदलायचा तर तो जळला असं लिहावं लागलं असतं, आणि जळला म्हटलं की कसा, हे आलं. पेटी कपाटात राहिली, झाकणावरच्या कुंकवासकट.

मॅडमची आई लाखनीत एकटी राहिली. बाजाराच्या दिवशी भेटायची. पिशवी खाली ठेवून विचारायची, "गुरुजी, माह्या पोरीले इकडं आणता येईन का जी? तिले तिकडून येणं होत नाही, मले जाणं होत नाही."

"बघतो मावशी."

"अध्यक्ष तुमचं ऐकतात, म्हणते पोरगी."

"बघतो न."

माझी बायको एकदा सोबत होती. घरी येताना म्हणाली, "इतकं तं एक शब्द टाकून पाहा न अध्यक्षायजवळ. तुमचं काय जाते?" मी तिला म्हटलं की संस्थेचं राजकारण तुला कळायचं नाही. पुढे मॅडमच्या आईनं लाखनीचं घर बंद केलं आणि ती मुलीकडे राहायला गेली. बाजाराचा दिवस मला सोपा झाला, हेही लिहून टाकतो.

निवृत्तीनंतर पुष्कळ दिवसांनी एकदा मी तुमसरची बस धरली, तिथून दुसरी. मॅडमकडे जाऊन सगळं सांगायचं असं ठरवून निघालो होतो. रस्ताभर वाक्यं जुळवली. शाळेच्या फाटकात शिरेपर्यंत वाक्यं पाठ होती.

मॅडमचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. लांब बाकावर आठ-दहा लहान बोर्ड, तारांचा गुंता, आणि भोवती मुली एकमेकींवर ओरडत होत्या. "सर! तुम्ही इकडे?" त्यांनी खुर्ची पुसून दिली. "काही काम काढलं का?"

"नातवासाठी," मी म्हटलं. पाठ केलेल्या वाक्यांत नातू कुठेच नव्हता. "म्हटलं, पहिलं किट कोणतं घ्यावं, तुम्हाला विचारावं."

त्यांनी प्रश्न अगदी मनावर घेतला. एकशे एक प्रयोगवाली पेटी घेऊ नका म्हणाल्या. पहिल्यांदा घेताना बोर्ड असा घ्यावा की ज्याच्याबद्दल आपल्या भाषेत किंवा हिंदीत कोणीतरी समजावून सांगितलेलं सापडेल, म्हणजे अडल्यावर मुलाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सेन्सरची चळत नको, दोन पुरेत, एक उजेड ओळखणारा, एक ओलावा. कुंडीतली माती सुकली की दिवा लागतो एवढं जमलं की मूल पुढचं स्वतः मागतं. आणि संगणकाला जोडायची तार तपासून घ्या, काही तारांतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही, मग पोरं बोर्डालाच शिव्या देतात. मी मान हलवत होतो. त्यांनी मला इतकं शिकवलं, आणि मी एकदाही त्यांना थांबवलं नाही.

"नातू कितवीत आहे सर?"

"दीड वर्षाचा आहे."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग खळखळून हसल्या. "मग तर अजून वेळ आहे सर! तोवर बोर्डच बदलून जातील."

बसपर्यंत सोडायला आल्या. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बोलता बोलता त्यांच्या तोंडी घरची बोली आली. "आता खरं सांगा सर. कायले आलते?"

"सहज."

त्यांनी बस येते का ते वाकून पाहिलं. "त्या दिवशी बोर्डाला वास येत होता. हातात घेतला तेव्हाच कळलं, हा आधीच जळलेला आहे. आणि किल्ली एकाकडेच होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. म्हणजे तिथेही जाब मीच मागितला.

"माझं कोणी ऐकलं असतं? अजून एक पूजा घातली असती." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमचं ऐकलं असतं सर. मी टेबलाशी उभी होते ना, तेव्हा वाटलं तुम्ही बोलाल. मग वाटलं संध्याकाळी बोलाल. बदलीची ऑर्डर हातात येईपर्यंत वाटत होतं."

बस आली. कंडक्टर ओरडला, "चला काका, चढा लवकर!" मी चढलो. खिडकीतून वाकून मी मॅडमना म्हणालो, "ते ओलावावालं किट नक्की घेतो." त्यांनी हात हलवला.

जे म्हणायला गेलो होतो ते असं होतं. मॅडम, बोर्ड मी जाळला. तुमच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे, तुम्हाला विचारायची लाज वाटली म्हणून. तुम्ही कुंकवाला नको म्हणालात ते बोर्ड वाचवायला, आणि तो आधीच गेला होता हे मला ठाऊक होतं. लोक तुमच्या घरावरून, तुमच्या धर्मावरून हसले तेव्हा मी त्यांना हसू दिलं, आणि नंतर कित्येक वर्षं स्वतः हसवलं. तुमच्या बदलीच्या कागदावरचं वाक्य माझं आहे. तुमच्या आईला मी "बघतो" म्हणत राहिलो, आणि कधीच काही बघितलं नाही. मला माफ करा.